अडतीच्या सॉफ्टवेअरसाठी डेटा टेबल : एक्स्टेन्शनला जागा कुठे द्यावी, कुठे देऊ नये?

बर्डीकर

नमस्कार मंडळी. आमची नागपुरात छोटी टीम आहे, कळमन्याच्या बाजारातल्या अडत्यांसाठी वेब अ‍ॅप बनवतो. आवक, लिलाव, हिशोबपट्टी, उधारी, बारदाना. अ‍ॅप म्हणायचं, पण खरं तर एकामागून एक टेबलंच आहेत ती.

प्रत्येक टेबलाची मागणी निराळी. आवकेला खाली बेरीज हवी. उधारीत ओळ उघडून आतले व्यवहार दिसायला हवेत. पट्टीत जागच्या जागी आकडा बदलता यायला हवा. सध्याचा कॉम्पोनंट ताणून ताणून इथवर आणलाय, त्याच्या प्रॉप्सची, म्हणजे बाहेरून द्यायच्या सेटिंगांची, यादी स्क्रीनभर झाली आहे : बेरीज दाखवा, बेरीज वर दाखवा, बेरीज वर दाखवा पण छापताना नको. पुढचा गिऱ्हाईक काय मागेल ते आधी ओळखून प्रॉप ठेवणं कुणालाच जमत नाही. म्हणून नव्याने लिहायला घेतलाय : गाभा लहान, बाकी एक्स्टेन्शन किंवा प्लगिन म्हणून बाहेरून जोडता येईल असं.

कॉलमची व्याख्या सध्या अशी आहे :

```
स्तंभ({
  ओळख: 'भाव',
  मथळा: 'सर्वसाधारण दर',
  मूल्य: ओळ => ओळ.दर,
  क्रम: ओळ => ओळ.एकक === 'टन' ? ओळ.दर / क्विंटल_प्रति_टन : ओळ.दर,
  दाखव: (मूल्य, ओळ) => मजकूर(रुपये(मूल्य) + ' / ' + ओळ.एकक),
  निर्यात: मूल्य => मूल्य
})
```

क्रम वेगळा का, ते सांगतो. संत्र्याचा भाव टनावर बोलतात, सोयाबीन-तुरीचा क्विंटलवर. समजा संत्रा २८,००० रुपये टन आणि सोयाबीन ४,३०० रुपये क्विंटल. दिसणाऱ्या आकड्यावर क्रम लावला तर संत्रा वर जातो. क्विंटलवर आणलं तर संत्रा २,८०० आणि सोयाबीन वर. दोन्ही एकाच कॉलमात. म्हणजे एका कप्प्याची मूल्यं चार झाली : साठवलेलं, क्रम लावायचं, दिसायचं आणि एक्सेलमध्ये जायचं. हे चार सुटे ठेवले की निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

आता अडलोय ते इथे. गाळणी, क्रम, गट, पानं पाडणं हे सगळं प्लगिन करावं का? केलं तर कोण आधी चालणार ते कोण ठरवणार? दाखव या फंक्शनने एचटीएमएलची स्ट्रिंग द्यावी की डॉमचा नोड, म्हणजे ब्राउझरातला तयार घटक? आणि ‘निवडलेल्या ओळी’ ही माहिती टेबलाने सांभाळावी की ते टेबल ज्यात बसतं त्या वेब पानाने?

तर्रीपोहे

काहून एवढा कुटाणा करून राहिला भाऊ? तयार टेबलं पडली आहेत ना ढिगाने. एजी ग्रिड घे, नाहीतर टॅनस्टॅक घे, आणि संध्याकाळी फुटाळा तलावावर ये.

आणि कोड देवनागरीत? चालते का हे खरंच?

बर्डीकर

चालतं, जावास्क्रिप्टमध्ये नावं देवनागरीत देता येतात. फक्त अंक तेवढे देवनागरीत चालत नाहीत, म्हणून ते ‘क्विंटल_प्रति_टन’. आमच्या रेपोत असं लिहीत नाही, इथे वाचायला बरं म्हणून.

तयार घ्यायला हरकत नाहीच. पण एजी ग्रिडच्या फुकट आवृत्तीत गट पाडणं आणि एक्सेल निर्यात येत नाही, ते एंटरप्राइझमध्ये आहे. आणि टॅनस्टॅक तर हेडलेस : ओळी गाळून, लावून हातात देतो, टेबल काढायचं आपणच. त्याने पोहे द्यायचे, तर्री तुझी तू ओत. म्हणजे आमच्या पंचवीस-तीस स्क्रीनना पुरेल असा मधला थर लिहावा लागणारच, आणि माझे तिन्ही प्रश्न त्या थराचेच आहेत.

तर्रीपोहे

हे बाकी बरोबर बोलला. बसतो इथेच मग.

जुनं खोड

बर्डीकर, तुमच्या पहिल्या प्रश्नावर दोन मोठ्या प्रकल्पांनी हात पोळून घेतले आहेत. ते आधी बघा.

पहिला याहूचा वाययूआय, त्यांची जावास्क्रिप्टची लायब्ररी. त्यांच्या तिसऱ्या पिढीतल्या डेटा टेबलात क्रम आणि स्क्रोल ही सुरुवातीला प्लगिन होती : आधी टेबल बनवा, मग त्यात प्लगिन खोचा. २०१२ मध्ये ३.५ आली तेव्हा त्यांनी तो टेबल जवळजवळ नव्याने लिहिला. क्रम, स्क्रोल, कॉलमची रुंदी, ओळींचे बदल हे सगळं क्लास एक्स्टेन्शन म्हणून मूळ क्लासात मिसळलं, आणि मथळा, अंग, तळ यांचे तीन वेगळे व्ह्यू, म्हणजे दाखवणारे भाग, केले, हवा तो बदलता यावा म्हणून. याहूने २०१४ मध्ये वाययूआयवरचं नवं काम थांबवलं, पण ती तीन व्ह्यूंची फोड आजही वाचण्यासारखी आहे. टेबल कसं दिसतं आणि टेबलात काय आहे, हे तिथे खरोखर सुटं झालं होतं.

दुसरा रिअ‍ॅक्ट टेबल. २०२० ची सातवी आवृत्ती म्हणजे हुकांची, एकमेकांना जोडायच्या फंक्शनांची, माळ होती : गाळणीचा हुक, गटाचा, क्रमाचा, उघडमिटीचा, पानाचा. प्रत्येक हुक आधीच्या ओळी घ्यायचा आणि पुढे द्यायचा. दिसायला सुरेख. पण माळ ठरलेल्या क्रमानेच ओवायची होती. पानाचा हुक क्रमाच्या आधी घातला तर लायब्ररी चूक फेकायची. तपासण्यासाठी आत वेगळं फंक्शनच होतं. २०२२ मध्ये आठवी आवृत्ती टॅनस्टॅक टेबल या नावाने आली, तेव्हा ही ओवणी वापरणाऱ्याच्या हातून काढून घेतली. आता टप्पे ठरलेले, तुम्ही फक्त प्रत्येक टप्प्याचं काम करणारं फंक्शन देता.

मला यातून एवढंच दिसतं की क्रम जर एकच बरोबर असेल, तर तो निवडायची मोकळीक देण्यात अर्थ नाही. गाळा, गट पाडा, क्रम लावा, उघडमीट करा, पान काढा. ही साखळी गाभ्यात ठेवा आणि कुलूप लावा.

पगडीवाला

पुण्याहून बोलतोय, राग मानू नका. साखळीला कुलूप लावलं तर ‘वाढवता येणारा’ म्हणायचं कशाला? मला उद्या गाळणी आणि क्रम यांच्या मध्ये ‘दुहेरी नोंदी काढून टाका’ असा टप्पा घालायचा असेल तर? त्यापेक्षा प्रत्येक टप्प्याला आधी-नंतर अशा घटना (इव्हेंट) सोडा. ज्याला हवं तो ऐकेल, ज्याला हवं तो अडवेल.

जुनं खोड

अडवणाऱ्या घटना मी भरपूर पाहिल्या आहेत. वाययूआयमध्येच ‘ऑन’ आणि ‘आफ्टर’ अशी दोन कालपदं होती, ‘ऑन’मध्ये अडवता यायचं. लहान टेबलात झकास. तीन एक्स्टेन्शनं झाली की हेडरवर क्लिक केल्यावर क्रम का लागत नाही, हे शोधायला अख्खी दुपार जाते, कारण अडवणारा कोण ते अडवलेल्याला ठाऊक नसतं.

आणि दुहेरी नोंदी? त्या काढायच्या असतील तर टेबलात येण्याआधी काढा. तो डेटाचा प्रश्न, टेबलाचा नव्हे.

बर्डीकर

काका, तुमच्या पोस्टवरून बेरजेचं कोडं सुटतंय. आवकेच्या टेबलाखालची बेरीज कुठल्या ओळींची हवी? मुनीमजी म्हणतात, ‘काटोलचा माल तेवढा गाळला की काटोलचीच बेरीज दिसली पाहिजे, पण पहिल्या पानाची नको, सगळ्या पानांची.’ म्हणजे गाळल्यानंतरच्या आणि पान काढण्याआधीच्या ओळी. निर्यातीला क्रम लावलेल्या हव्यात. ‘२६ ते ५० / ३१२’ लिहिणाऱ्या पट्टीला गाळलेल्यांची संख्या आणि पान दोन्ही हवं.

तर असं करतो : एक्स्टेन्शनला साखळीत शिरता येणार नाही, पण साखळीच्या कुठल्याही टप्प्यावरच्या ओळी वाचता येतील. मूळ, गाळलेल्या, लावलेल्या, दिसणाऱ्या. प्रत्येकाला नाव. बेरजेचं एक्स्टेन्शन जाहीर करेल : मी ‘गाळलेल्या’ वाचतो. तेवढा टप्पा बदलला तरच त्याला पुन्हा बोलावू. क्रम बदलला म्हणून बेरीज पुन्हा करायचं कारण नाही.

जुनं खोड

हे चांगलं आहे. याला धरून राहा.

मिहानची मैना

दुसऱ्या प्रश्नावर बोलते. स्ट्रिंग नको. दाखव या फंक्शनने एचटीएमएलची स्ट्रिंग दिली आणि ती इनर-एचटीएमएलने चिकटवली, की शेऱ्यात कुणी काहीही लिहून ते दुसऱ्याच्या ब्राउझरात चालवू शकतो. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी टेबलांच्या फॉर्मॅटरमध्ये हेच सर्रास सापडतं.

पण मराठी अ‍ॅपमध्ये यात एक खोच आहे, ती सहसा लक्षात येत नाही. गोण्यांवरचा मार्का कुणी कोनी कंसात इंग्रजी अक्षरांनी लिहिला, तर ब्राउझरला तो टॅग वाटतो आणि मार्का स्क्रीनवरून गायब होतो. तोच देवनागरीत लिहिला तर नीट दिसतो! कारण एचटीएमएलचा पार्सर ‘पेक्षा कमी’च्या चिन्हापुढे इंग्रजी अक्षर आलं तरच टॅग सुरू झाला असं धरतो. पुढे आकडा किंवा देवनागरी अक्षर आलं तर ते चिन्ह साधा मजकूर म्हणून सोडून देतो. ‘ओलावा <१२’ बिनबोभाट दिसतं. म्हणजे मराठी मजकूर भरून टेस्टिंग केलं की सगळं हिरवं, आणि भोक तसंच उघडं.

तुमच्या नमुन्यात ‘मजकूर(...)’ आहे ते बरोबर आहे. फंक्शनने एकतर मजकूर द्यावा, नाहीतर नोड. साधी स्ट्रिंग आली तर गाभ्याने ती टेक्स्ट-कंटेंट, म्हणजे साधा मजकूर, म्हणूनच घालावी, विचारू नये.

निर्यातीलाही असाच काटा आहे. सीएसव्हीतला कप्पा बरोबर, अधिक, उणे किंवा अ‍ॅटच्या चिन्हाने सुरू झाला तर एक्सेल त्याला सूत्र समजू शकतं. उपाय म्हणून लोक सरसकट पुढे अवतरणचिन्ह लावतात, आणि मग उधारीच्या कॉलमातले उणे पाचशे हा आकडा न राहता मजकूर होतो, बेरीज होत नाही. म्हणून हे काम कॉलमच्या प्रकारावर सोडा : संख्येचा कॉलम संख्या तपासून तशीच देईल, मजकुराचा कॉलम बंदोबस्त करून देईल. फाइलच्या सुरुवातीला यूटीएफ-८ चा बीओएमही (एन्कोडिंग सांगणारी खूण) घाला, नाहीतर एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडणाऱ्याला मराठीच्या जागी कचरा दिसतो.

तर्रीपोहे

मैनाताई, हे कोनी कंसाचं आत्ताच आमच्या अ‍ॅपवर करून पाह्यलं. काही बोलत नाही मी.

ळकार

क्रम आणि शोध यावर कुणीच बोलत नाहीये, म्हणून.

जावास्क्रिप्टचा साधा सॉर्ट युनिकोडच्या क्रमाने लावतो. त्यात ळ हा ल च्या लगेच पुढे बसतो, व च्या आधी. मराठी वर्णमालेत तो ह नंतर. गावांच्या यादीत कळमेश्वर आणि कवठा घ्या : युनिकोडने कळमेश्वर आधी, शब्दकोशाच्या क्रमाने कवठा आधी. क्ष आणि ज्ञ तर क आणि ज मध्येच अडकतात, क्षीरसागर आडनावाचा शेतकरी कुलकर्ण्यांच्या शेजारी जाऊन बसतो. जावास्क्रिप्टमध्ये भाषेप्रमाणे क्रम लावणाऱ्या इंटल कोलेटरला मराठी सांगितलं की ळ, क्ष, ज्ञ शेवटी जातात. कोलेटर एकदाच बनवून ठेवा. प्रत्येक तुलनेला लोकेल-कंपेअर बोलावलं तर हजारो ओळींत फरक जाणवतो.

शोधात दोन खड्डे आहेत. एक, ‘वाऱ्याचा’ यातला अर्धा र दोन तऱ्हांनी साठवलेला असतो : काही कीबोर्ड ऱ हे अक्षर वापरतात, काही र, हलन्त आणि न दिसणारा झीरो-विड्थ-जॉइनर. दिसायला एकच, तुलनेत वेगळे. युनिकोडच्या नॉर्मलायझेशनने तो जॉइनर जात नाही, तुम्हीच काढायचा आणि दोन्ही रूपं एकावर आणायची. दोन, कुणी २५० देवनागरीत शोधतो, डेटात इंग्रजी अंक. शोधाचा मजकूर आणि कप्प्याचा मजकूर दोन्ही आधी एकाच अंकांत आणा.

म्हणजे चार नव्हे, पाच मूल्यं झाली तुमची. ‘शोध’ पाचवं.

आणि अंक कसे दाखवायचे हे कॉलमवर सोडू नका, टेबलाला एकदाच सांगा. लोकेल ‘मराठी-भारत’ दिली की नंबर-फॉर्मॅट आपोआप देवनागरी अंक देतो. एखाद्या दुकानात मुनीमजींना ते हवे असतात आणि त्यांच्या मुलाला नको. लाख-हजारांचे स्वल्पविराम दोघांनाही हवेत. टेबलाच्या पातळीवर एक सेटिंग असेल तर हे दोन मिनिटांचं काम.

बर्डीकर

पाचवं मूल्य मान्य. एक पुस्ती : ज्या मालाचा लिलावच झाला नाही त्याला भाव नसतो. चढत्या क्रमात ते रिकामे कप्पे तळाला हवेत आणि उतरत्यातही तळालाच. म्हणून उतरता क्रम म्हणजे चढत्याचा उलटा, असं धरता येत नाही. रिकाम्यांची वाट गाभा लावेल, कॉलमच्या क्रम-फंक्शनला रिकामं मूल्य दिसणारच नाही.

आणि दोन कॉलमांवर क्रम लावायचा तर सॉर्ट स्थिर असावा लागतो, बरोबरीच्या ओळी जागच्या हलता कामा नयेत. ते २०१९ पासून जावास्क्रिप्टच्या प्रमाणातच आलंय, त्यामुळे त्याची काळजी उरली नाही.

कानसेन

मी स्क्रीन रीडरवर काम करतो, एनव्हीडीए. म्हणजे टेबल मी बघत नाही, ऐकतो. तुमच्या एक्स्टेन्शनांनी माझं काय होतं ते सांगतो.

खरं टेबल असेल तर मी कंट्रोल आणि ऑल्टसोबत बाण दाबत कप्प्यांतून फिरतो, आणि कॉलम बदलला की मथळा ऐकू येतो : ‘आवक, ४०’. एखादं हौशी एक्स्टेन्शन येतं, टीआरच्या, म्हणजे ओळीच्या टॅगच्या, जागी डिव्ह घालतं किंवा ओळीला फ्लेक्स लावतं, आणि माझ्यासाठी तिथे टेबल उरत नाही. नुसते आकडे एकापाठोपाठ. चाळीस कशाचे, रुपये की क्विंटल, ते मी ओळखायचं.

म्हणून माझी मागणी एकच : टेबल, टीआर, टीएच (मथळा), टीडी (कप्पा) हे गाभ्याचेच राहू द्या. बाहेरच्याला फक्त टीडीच्या आतली जागा द्या. आत त्याला हवा तो नाच करू दे.

क्रम लावायला मथळ्याच्या आत खरं बटण ठेवा. टीएचवर नुसता क्लिक नको, तो कीबोर्डने दाबता येत नाही. क्रमाची दिशा स्क्रीन रीडरला सांगणारं एरिया-सॉर्ट टीएचवर, आणि एका वेळी एकाच टीएचवर. बटण दाबल्यावर सगळं टेबल नव्याने काढून टाकलंत तर माझा फोकस पानाच्या डोक्यावर जातो आणि पुन्हा सगळं ऐकत खाली यावं लागतं. ओळी हलवा, मथळा पुसू नका.

आणखी एक. सगळ्या टेबलांना ‘ग्रिड’चा रोल लावायची खोड असते. ग्रिड म्हटलं की स्क्रीन रीडर बाणाच्या कळा तुमच्या कोडकडे सोपवतो. तुम्ही त्या सांभाळल्या नाहीत तर मी एका कप्प्यात अडकलो. पट्टीत आकडा बदलायचा असतो तिथे ग्रिड योग्य. नुसत्या वाचायच्या टेबलाला साधं टेबल पुरे.

मिहानची मैना

कानसेन म्हणतात ते वेब कॉम्पोनंटवाल्यांनीही लक्षात ठेवावं. टीबॉडीत, म्हणजे टेबलाच्या अंगात, थेट स्वतःचा एलिमेंट लिहिला तर एचटीएमएलचा पार्सर तो उचलून टेबलाच्या बाहेर, आधी नेऊन ठेवतो. टीडीच्या आत काहीही चालतं. म्हणजे ‘टीडीच्या आतली जागा तुमची’ ही हद्द ब्राउझरलाही मानवते.

पगडीवाला

ठीक, साखळीचा मुद्दा सोडला. पण लाखभर ओळी आल्या तर? व्हर्च्युअल स्क्रोल हे प्लगिन म्हणून तरी ठेवणार की नाही? दिसतात तेवढ्याच ओळी डॉममध्ये, बाकीच्यांच्या जागी वर-खाली पोकळ ओळी.

बर्डीकर

आमच्याकडे एका दिवसाच्या आवकेला लाखभर ओळी नसतात हो. आणि मुनीमजी कंट्रोल-एफ मारतात, शेवटी कंट्रोल-पी. व्हर्च्युअल स्क्रोलमध्ये कंट्रोल-एफला डॉममध्ये नसलेलं नाव सापडत नाही, आणि कागदावर दिसतात तेवढ्याच ओळी उमटतात. पानं पाडली तरी हेच होतं, पण तिथे ‘पान १’ समोर लिहिलेलं असतं. व्हर्च्युअलमध्ये माणसाला वाटतं सगळं समोरच आहे.

तरी जुन्या उधारीच्या खतावणीला ते लागेल. तेव्हा प्लगिन म्हणून नाही, टेबलाच्या अंगाचा दुसरा व्ह्यू म्हणून ठेवतो, वाययूआयच्या तीन व्ह्यूंसारखा. ओळी कुठल्या ते साखळी सांगेल, डॉममध्ये किती घालायच्या ते अंग ठरवेल. एक्स्टेन्शनांना याचा पत्ता लागायचं कारण नाही.

पगडीवाला

मग तीन गोष्टी ध्यानात ठेवा. टेबल-लेआउट फिक्स्ड करा, नाहीतर ब्राउझर समोरच्या ओळींवरून रुंदी मोजतो आणि स्क्रोल करताना कॉलम मागेपुढे उड्या मारतात. एरिया-रोकाउंट आणि एरिया-रोइंडेक्स द्या, नाहीतर कानसेन यांना तीन हजार ओळींचं टेबल तीस ओळींचं ऐकू येईल. आणि दहा लाख ओळींची स्वप्नं पाहू नका : एका एलिमेंटच्या उंचीला क्रोममध्ये साधारण साडेतीन कोटी पिक्सेलच्या अलीकडे हद्द आहे, फायरफॉक्समध्ये त्याच्या जवळपास निम्मी. ३५ पिक्सेलची ओळ धरली तर दहा लाखांतच क्रोम संपतो.

जुनं खोड

सर्व्हरवरून पानं आणणार असाल तर साखळीला आणखी एक नियम लागेल. पान जर सर्व्हर पाडत असेल तर त्याच्या आधीचं सगळं, गाळणी आणि क्रमसुद्धा, सर्व्हरनेच केलं पाहिजे. हातात पंचवीस ओळी आहेत आणि त्यांच्यावर ब्राउझरात क्रम लावून ‘सर्वाधिक भाव वर’ दाखवलं, तर ते सरळ खोटं आहे. उलटं मात्र चालतं : गाळणी सर्व्हरवर, क्रम आणि पान इथे. टेबल बनवतानाच हे तपासा आणि चुकीची जोडणी दिसली तर तिथेच चूक फेका.

मग ळकार यांचा क्रमही डेटाबेसमध्ये न्यावा लागतो. पोस्टग्रेसमध्ये दहाव्या आवृत्तीपासून आयसीयू या युनिकोडच्या लायब्ररीची कोलेशन, म्हणजे क्रमाचे नियम, मिळतात, मराठीचंही आहे. नाहीतर एका स्क्रीनवर कवठा आधी आणि दुसरीकडे कळमेश्वर.

तर्रीपोहे

तिसरा प्रश्न राहून गेला ना बे सगळ्यांचा. निवडलेल्या ओळींचा.

एका जागी पाह्यलं होतं मी. वर गाळणी लावली, आठ ओळी दिसून राहिल्या, ‘सगळे निवडा’ केलं आणि ‘काढून टाका’ दाबलं. गाळणीमागे लपलेल्याही गेल्या. कोण्या पोट्ट्याने ‘सगळे’ म्हणजे ‘मूळ’ धरलं होतं. अन् दुसरीकडे निवड ओळीच्या नंबराने ठेवलेली. क्रम बदलला की टिक भलत्याच शेतकऱ्यापुढे.

बर्डीकर

नंबराने तर ठेवायचीच नाही. प्रत्येक ओळीला डेटातली ओळख लागेल, टेबल बनवतानाच मागणार, दिली नाही तर टेबल बनणारच नाही.

‘सगळे’चं उत्तर साखळीतच आहे : निवड ही ‘गाळलेल्या’ टप्प्याशी बांधलेली. सर्व्हरवरून पानं येत असतील तर सगळ्यांच्या ओळखी हातात नसतात, तिथे यादीऐवजी ‘ही गाळणी, हे अपवाद सोडून सगळे’ असं साठवू. गाळणी बदलली की तशी निवड रद्द. आणि बटणावर आकडा लिहू : ‘८ नोंदी काढा’. लपलेल्या धरून ३१२ असतील तर ३१२ दिसेल, माणूस थांबेल.

सांभाळायची कुणी, याचं उत्तर : टेबल सांभाळेल, पण वेब पानाने स्वतःची निवड दिली तर टेबल ती पाळेल आणि बदल हवा असेल तर विचारेल. अर्धी इकडे, अर्धी तिकडे असं नाही.

ळकार

कॉलमची रुंदी, लपवलेले कॉलम, त्यांचा क्रम हेही कॉलमच्या ओळखीनेच साठवा. मथळ्याने साठवलं तर भाषा बदलल्यावर सगळं विसरेल.

मिहानची मैना

मथळा वर चिकटून राहायला पोझिशन-स्टिकी वापराल ना? बॉर्डर-कोलॅप्स असेल तर मथळ्याच्या रेघा ओळींबरोबर वर निघून जातात आणि मथळा नागडा राहतो. बॉर्डर-सेपरेट करा आणि अंतर शून्य. स्टिकी टीहेडवर नको, टीएचवर लावा. क्रोम ९१ च्या आधी टीहेडला ते लागत नव्हतं, आणि दुकानातले जुने मोबाइल काय असतील सांगता येत नाही.

पगडीवाला

एक शेवटचं विचारतो. आवकेत एकाच शेतकऱ्याच्या चार ओळी येतात : संत्रा, मोसंबी, प्रत्येकी दोन प्रतींचा माल. नाव चारदा दिसतं ते वाईट दिसतं. रोस्पॅनचं, एकच कप्पा चार ओळींवर ताणणारं एक्स्टेन्शन?

बर्डीकर

रोस्पॅन नाही. टीडी गाभ्याचे ठरलेत, आणि भावावर क्रम लावला की त्या चार ओळी चार दिशांना जातात, स्पॅन कुणाला देणार? नावाच्या कॉलमचं दाखव फंक्शन वरच्या ओळीत तेच नाव असेल तर फिक्या रंगात काढेल. मजकूर तिथेच राहील, म्हणजे कानसेन यांना प्रत्येक ओळीत नाव ऐकू येईल आणि कंट्रोल-एफलाही सापडेल. त्यासाठी दाखव फंक्शनला ‘दिसणाऱ्या’ टप्प्यातली आधीची ओळ द्यावी लागेल, तेवढा एक पॅरामीटर वाढवतो.

कानसेन

फिका रंग किती फिका ते मैनाताईंकडून तपासून घ्या. साध्या मजकुराला किमान ४.५ ला १ एवढा कॉन्ट्रास्ट लागतो. मला फरक पडत नाही, मुनीमजींना पडेल.